सरकार केर काढायला येतं तेव्हा

महाराष्ट्र सरकारचं एक ठाम मत आहे: माणूस म्हातारा झाला की त्याने घरात बसू नये. म्हणून २०२२च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरी गाठलेल्या कुणालाही एसटी फुकट झाली. पासष्टीच्या पुढे अर्धं तिकीट तर आधीपासूनच होतं. त्याने तुळजापूरला जावं, अक्कलकोटला जावं, काहीच सुचलं नाही तर लेकीकडे जावं. उभं राहून जावं लागलं तरी जावं.

ऑस्ट्रेलियाच्या सरकारचं मत बरोबर उलटं. म्हाताऱ्या माणसाने आपल्याच घरात राहावं, होईल तितकी वर्षं राहावं, आणि ते जमावं म्हणून सरकार त्याच्या घरी केर काढायला येतं. मी हे अलंकारिक लिहीत नाहीये. ‘कॉमनवेल्थ होम सपोर्ट प्रोग्रॅम’ नावाची योजना १ जुलै २०१५ला सुरू झाली, तिच्याआधी १९८५पासून दुसऱ्या नावाने असंच काम चालू होतं, आणि आज वर्षाला आठ लाखांहून जास्त म्हातारी माणसं तिचा लाभ घेतात. वयाची पासष्ट वर्षं पुरी हवीत. तिथल्या मूळ रहिवाशांना पन्नास पुरतात. मिळतं ते अगदी साधंसुधं: घराची झाडलोट, अंगणातलं गवत कापणं, जेवणाचा डबा, दवाखान्यात नेणं-आणणं, न्हाणीघरात धरायला दांडा, जखम बांधायला नर्स, आणि नुसतं बसून गप्पा मारायला माणूस. हो, तोही. ज्या देशात शेजारी घर विकून निघून गेला हे दारातल्या पाटीवरून कळतं, तिथे गप्पांसाठीही खातं उघडावं लागतं.

आपल्याकडे २००७ साली कायदा झाला, की मुलं बघत नसतील तर आईवडिलांनी न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा. महिना दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मिळू शकतो. म्हणजे म्हातारपणी भारत सरकार मुलाला नोटीस पाठवतं आणि ऑस्ट्रेलियाचं सरकार व्हॅक्यूम फिरवायला माणूस पाठवतं. नोटीसही लागते, नाही असं नाही. फक्त तिने सोफ्याखालचा केर निघत नाही.

माझ्या बायकोची मावशी आणि तिचे यजमान मेलबर्नला राहतात; आम्हीही इथेच. मुलाबरोबर राहायला म्हणून आले, पुढे मुलाची नोकरी ब्रिस्बेनला गेली आणि हे दोघं मागे राहिले, कारण मावशींना इथला डॉक्टर सोडवेना आणि काकांना इथली लायब्ररी. दोघांची वयं ऐंशीच्या अलीकडे-पलीकडे. मुलाने ब्रिस्बेनहून फोनाफोनी करून दोघांची नावं योजनेत नोंदवली. सरकार दुभाषा फुकट देतं, पण मावशी म्हणाल्या, “परक्या माणसासमोर कशाला घरातलं?” म्हणून दुभाषा मी झालो. परक्या असेसर बाई समोर बसणारच होत्या, ही गोष्ट त्यांनी हिशेबात धरली नव्हती.

असेसर म्हणजे मदत द्यायची का, किती आणि कसली, हे ठरवण्यासाठी घरी येणारं माणूस. आता मराठी म्हाताऱ्या माणसाच्या तब्येती दोन असतात: एक नातेवाइकांसाठी आणि एक सरकारसाठी. मावशींचे गुडघे हा आमच्या घराण्यात गेली पंधरा-वीस वर्षं चर्चेचा कायम विषय आहे. त्या गुडघ्यांमुळे लग्नं हुकली आहेत, बारशी हुकली आहेत, एक अख्खं महाबळेश्वर हुकलं आहे. पण असेसर बाई म्हणाल्या, “जरा खुर्चीवरून उठून दाखवता का?” आणि मावशी उठल्या. हात न टेकता, गणपतीच्या आरतीला उठावं तशा. वर “परत उठू?” म्हणून विचारलं.

“गेल्या वर्षभरात कधी पडलात का?”

“छे.”

फोनच्या स्पीकरवर मुलगा होता. तो कळवळून म्हणाला, “आई, मार्च महिन्यात?”

“ते पडणं नव्हतं रे. बसणं होतं. जरा जोरात बसले.”

काकांना विचारलं, आंघोळ करताना मदत लागते का. काका बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालेले. समोरच्याच्या प्रश्नात काही गैर नाही हे कळूनही त्यांनी तो प्रश्न थकीत कर्जदाराचा असावा तसा बराच वेळ ऐकून घेतला आणि शेवटी मान हलवली. होकार की नकार, ते बाईंना कळलं नाही. मलाही नाही.

मग स्मरणशक्तीची चाचणी. एक नाव आणि पत्ता सांगतात, मध्ये दुसरं काही विचारतात आणि मग तो पत्ता परत म्हणायला लावतात. जॉन ब्राउन, ४२ वेस्ट स्ट्रीट, केन्सिंग्टन. मधल्या वेळात घड्याळाचं चित्र काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायची. काकांनी आकडे रोमन काढले आणि खाली सही केली. मावशींनी पत्ता बिनचूक सांगितला, आणि अजूनही मधूनच विचारतात, “त्या जॉन ब्राउनचं पुढे काय झालं रे? एकटाच असतो का?”

पण चाचणीत एक प्रश्न असतो, की अलीकडे बातम्यांमध्ये काय घडलं ते सांगा. इथे प्रकरण हाताबाहेर गेलं. मावशी बातम्या बघतात त्या मराठी वाहिनीवरच्या. त्या शांतपणे सांगू लागल्या, की जे मुख्यमंत्री होते ते आता उपमुख्यमंत्री झालेत. जे उपमुख्यमंत्री होते ते आता मुख्यमंत्री झालेत, पण ते त्याच्याही आधी मुख्यमंत्रीच होते. शिवसेना दोन आहेत. राष्ट्रवादीही दोन आहेत, एक काकांची आणि एक पुतण्याची. मी एकेक वाक्य इंग्रजीत करत होतो आणि बाईंच्या चेहऱ्यावरची काळजी वाढत होती. त्यांनी हळूच मला विचारलं, “या असं गोंधळल्यासारखं नेहमी बोलतात का?” मी शपथेवर सांगितलं, की यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. बाईंनी माझ्याकडेही जरा निरखून पाहिलं.

शेवटचा प्रश्न: तुमची उद्दिष्टं काय आहेत? हा प्रश्न ते सगळ्यांना विचारतात, आणि मनापासून विचारतात. ऐंशीच्या माणसाला येत्या काळात काय साधायचंय हे नोंदवून घेतल्याशिवाय त्याच्या घराची फरशी पुसता येत नाही. मावशी म्हणाल्या, नातवाचं लग्न बघायचंय. बाईंनी लिहिलं: सामाजिक सहभाग टिकवणे. काका म्हणाले, “कुणाला त्रास न होता सुटका व्हावी, बस.” मी ते जरा सौम्य करून सांगितलं. बाईंनी लिहिलं: स्वावलंबन.

एवढं होऊनही मदत मंजूर झाली. मंजूर झाली म्हणजे एक कोड मिळाला. तो कोड घेऊन आपणच सेवा देणाऱ्या संस्थांना फोन लावायचे. योजना सरकारची, पैसे सरकारचे, पण प्रत्यक्ष माणसं पाठवतात त्या वेगवेगळ्या संस्था, आणि त्यांच्याकडे जागा असेल तर आपला नंबर. एकीकडे झाडलोट होती पण आमच्या भागात येत नव्हते. एकीकडे भागात येत होते पण फक्त गवत कापायला. एका ठिकाणी मंगळवार मिळत होता, पण मंगळवारी मावशींचं भजन. पुण्यात चांगली बाई मिळणं कठीण, हे गाऱ्हाणं आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. मेलबर्नला फक्त त्यात कोडची भर पडली.

शेवटी एक मुलगी मिळाली. नेपाळची, इथे नर्सिंग शिकणारी. पंधरवड्यातून एकदा तास-दीड तास येणार, व्हॅक्यूम करणार, न्हाणीघर घासणार, फरशी पुसणार. थोडे डॉलर आपण द्यायचे, बाकी सरकार भरणार, आणि कुणाला तेही परवडत नसले तरी त्याला दारातून परत पाठवायचं नाही, असा नियम.

ती गुरुवारी दहाला यायची होती. बुधवारी दुपारपासून मावशींनी घर आवरायला घेतलं. “परकी मुलगी येणार, तिला काय वाटेल?” सोफ्याखालून केर काढला. न्हाणीघर घासलं. ओटा तर असा लखलखीत केला, की काकांना चहा करायला बंदी झाली. सकाळी नऊला फरशी पुसून झाली, साडेनऊला पोहे झाले, दहाला मुलगी आली. तिने व्हॅक्यूम सुरू केला आणि घरभर फिरवला. तो नुसताच आवाज करत फिरला, कारण ओढायला काही शिल्लक नव्हतं. मग मावशींनी तिला बसवून पोहे दिले आणि आई-वडील काय करतात ते विचारलं.

हे आता दर पंधरवड्याला चालतं. मी मावशींना म्हटलं, “अहो, तुम्हीच सगळं करणार असाल तर सरकारचे पैसे कशाला वाया?” त्या म्हणाल्या, “ती येते म्हणून तर होतं माझ्याच्याने. नाहीतर कशाला घासतेय न्हाणीघर?”

आणि गंमत अशी, की सरकारला हेच हवंय. योजनेच्या नियमावलीत तत्त्वच आहे, की कामवाल्या माणसाने वृद्धासाठी काम करू नये, वृद्धाबरोबर करावं. त्याचे हातपाय चालते राहिले पाहिजेत. कपडे वाळत घालताना मोठी चादर तिने घालावी, रुमाल आजींनी घालावेत, असलं काहीतरी नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यासमोर असणार. मावशींनी त्यांना कुठल्या कुठे मागे टाकलं आहे. पाहुणी येणार या धाकाने ऐंशीची बाई दोन आठवड्यांतून एकदा अख्खं घर धुऊन काढते, यापेक्षा जास्त स्वावलंबन कुठल्याही सरकारला पेलणार नाही.

आता एक गोष्ट, जी मावशींना आवडणार नाही. त्या मुलीला चहा मिळतो तो शोकेसमधल्या निळ्या फुलांच्या कपबशीत. ही कपबशी मावशींनी पुण्याहून येताना मऊ कपड्यांत गुंडाळून आणलेली; तिच्यातून जावयालाही चहा मिळालेला नाही. आणि पुण्याच्या त्यांच्या घरी जी बाई वर्षानुवर्षं भांडी घासायला यायची, तिचा कप वेगळा होता. कान तुटलेला, मोरीच्या कोनाड्यात पालथा घातलेला. ती तो स्वतः उचलायची, चहा घ्यायची, स्वतः विसळून परत पालथा घालायची. काम तेच. केर, लादी, न्हाणीघर. मग मधल्या समुद्रात असं काय बदललं? सरकारने फक्त त्या कामाला गणवेश दिला, ओळखपत्र दिलं, तासाचा दर ठरवला, आणि मावशींच्या दृष्टीने मोलकरीण एकदम पाहुणी झाली. काकांना मी हे बोलून दाखवलं तेव्हा ते वर्तमानपत्राआडून म्हणाले, “पगारवाढ झाली की आम्हीही शिपायाला ‘अहो’ म्हणायचो.” हे त्यांनी मावशींच्या बाजूने म्हटलं की विरुद्ध, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

पाहुणी असली तरी तिलाही नियम असतात. तिने काम करताना बूट काढायचे नाहीत. पाय घसरला, काही पडलं, तर जबाबदारी संस्थेवर. मावशींच्या घरात बूट घालून देवघरापाशी फिरणं म्हणजे अशक्य. दोन संस्कृतींचा हा पेच एका निळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीने सोडवला. ती बुटांवरून चढवायची, घोट्याला रबर. पहिल्यांदा ती घालून मुलगी देवघरासमोर उभी राहिली आणि तिने हात जोडले. मावशींनी त्याच क्षणी तिच्यासाठी स्थळं बघायला घेतली.

दुसरा नियम जास्त कडक: शिडीवर चढायचं नाही. स्टुलावरही नाही. डोक्याच्या वर जे जे आहे ते सरकारी कक्षेबाहेर. पंखा, पडद्याचे दांडे, फडताळाचा माथा, आणि तिथे कुणीतरी कधीतरी ठेवलेला चकलीचा सोऱ्या, हे सगळं तसंच राहिलं. मावशींना हे पटेना. “केर काय खालीच असतो?” त्यांचा प्रश्न बिनतोड होता, पण मी तो इंग्रजीत केला नाही.

न्हाणीघराचं वेगळंच झालं. ऑक्युपेशनल थेरपिस्ट आली, तिने मोजमापं घेतली, भिंतीला दांडा बसवून दिला आणि शॉवरखाली बसायला एक खुर्ची दिली. काकांनी आयुष्यात शॉवर घेतलेला नाही. ते बादली आणि तांब्याने आंघोळ करतात, आणि त्याशिवाय आंघोळ झाली असं मानतच नाहीत. त्यांनी खुर्चीवर बादली ठेवली आणि दांड्यावर पंचा वाळत घातला. काही आठवड्यांनी थेरपिस्टचा फोन आला: खुर्चीचा उपयोग होतोय ना? काका म्हणाले, फार उपयोग होतो, आता वाकावं लागत नाही. ती पलीकडे इतकी आनंदली, की मला वाटतं तिच्या फाइलमध्ये काका आदर्श उदाहरण म्हणून लागले असतील. आणि खरं सांगायचं तर लागलेच पाहिजेत.

जेवणाच्या डब्याला या देशात मोठा मान आहे. पन्नासच्या दशकात डोरिस टेलर नावाच्या बाईंनी साउथ ऑस्ट्रेलियात ‘मील्स ऑन व्हील्स’ उभं केलं. त्या स्वतः लहानपणच्या अपघातानंतर चाकाच्या खुर्चीवर होत्या. १९५४ साली पोर्ट ॲडलेडच्या स्वयंपाकघरातून पहिली ताटं निघाली. डबा पोचवायला येणारे बहुतेक स्वयंसेवक, आणि डब्याइतकंच त्यांचं काम म्हणजे दार कोण उघडतं, कसं उघडतं, हे बघणं. मला ही व्यवस्था फार मोठी वाटते. मावशींना मात्र डब्यातल्या भाजीचा प्रश्न मोठा वाटला. पहिल्या दिवशी आलं ते: उकडून कुस्करलेला बटाटा, उकडलेले वाटाणे, उकडलेलं गाजर. मांस नको हे त्यांनी बजावून सांगितलं होतं, त्यामुळे ते वगळून जे उरलं ते. “आजाऱ्याचं आहे वाटतं,” म्हणून काकांनी चमचा ठेवला. मावशी उठल्या, कढई चढवली, मोहरी, हिंग, हळद, मिरची, कढीपत्ता. पाच मिनिटांत सरकारच्या बटाट्याची भाजी झाली आणि वाटाणे-गाजराचा उपमा. स्वयंपाकाचा त्रास वाचावा म्हणून आलेल्या डब्याने रोज एक कढई जास्त घासायला लावली. डबा आणणाऱ्या आजोबांनी वासावरून विचारलं, हे काय? मावशींनी चाखायला दिलं. ते आजोबा स्वतः पंचाहत्तरीचे आहेत. ते आता आमच्या भागातला फेरा मावशींच्या घरी संपवतात.

गवत कापणाऱ्याबद्दल मी थोडक्यात लिहितो, कारण मावशी अजून त्यातून बाहेर आलेल्या नाहीत. त्याचं काम एवढंच, की वाटेवर गवत माजून कुणी घसरू नये. कुंपणालगतची मेथी त्याला गवतच वाटली. त्याने ती फार नीट कापली.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल, की या देशात म्हाताऱ्यांचं सगळं छान चाललंय. तसं नाही. २०१८मध्ये इथे वृद्धसेवेवर रॉयल कमिशन बसलं. त्यांनी पुढच्या वर्षी जो अंतरिम अहवाल दिला त्याचं नावच होतं ‘नेग्लेक्ट’. हेळसांड. २०२१च्या अंतिम अहवालात १४८ शिफारशी होत्या. लोक वृद्धाश्रमात न जाता घरीच राहायला का धडपडतात, हे तो अहवाल चाळला की समजतं. त्यानंतर नवा कायदा झाला, घरी जास्त मदत लागणाऱ्यांसाठीच्या जुन्या मोठ्या पॅकेजांच्या जागी ‘सपोर्ट ॲट होम’ नावाची नवी व्यवस्था आली. ती २०२५च्या जुलैत यायची होती, नोव्हेंबरात आली. सरकार कुठलंही असो, पाहुण्यासारखं वेळेवर येत नाही. मावशींची ही साधी, प्राथमिक मदत मात्र १ जुलै २०२७च्या आधी त्यात मिसळणार नाही, असं सांगतात. मी हे मावशींना तपशिलात समजावलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, “मुलगी तीच राहणार ना?”

मुलगी मध्यंतरी लग्नासाठी नेपाळला गेली. (स्थळ मावशींनी काढलेलं नव्हतं, त्याचं त्यांना जरा लागलं.) संस्थेने बदली माणूस पाठवला. दार उघडलं तर चौकटीत मावेना असा सहा फूट चार इंच उंचीचा, सोनेरी दाढीचा गडी. काका आत जाऊन शर्ट बदलून आले. मावशी त्याच्याकडे पायापासून वरपर्यंत बघत गेल्या आणि वर पोचल्यावर त्यांचा चेहरा उजळला. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, “याला शिडी कशाला लागतेय?”

दीड तासात त्याने पंखे पुसले, दांडे पुसले, फडताळाचे माथे पुसले, नियमाचा एकही शब्द न मोडता. सोऱ्या मिळाला. त्याच्याबरोबर दोन हरवलेले डबे आणि काकांची जुनी टोपीही मिळाली. निळ्या कपबशीची जोडी त्याच्या पंज्यात भातुकलीची दिसत होती.

तो गेल्यावर मावशींनी मला संस्थेला फोन लावायला सांगितला. पलीकडच्या बाई धास्तावल्या: काही तक्रार आहे का? आधीच्या मुलीऐवजी यांनाच कायम पाठवायचं का?

“नाही नाही, ती माझीच आहे,” मावशी म्हणाल्या. “हा फक्त दिवाळीच्या आधी एकदा आणि गुढीपाडव्याला एकदा. लिहून घ्या म्हणावं.”